तेरच्या पांढरीतून

तेर हे नाव उच्चारताच मराठी माणसास गोरोबाकाकांचे स्मरण व्हावे, हे योग्यच होय. आम्हीही त्या गावी गेलो ते समाधीच्या दर्शनासाठीच. पुराणवस्तू पाहावयाच्या त्या मुंबईस किंवा दिल्लीस, अशी आमची जुनी समजूत. परतीच्या गाडीस अवकाश होता, एवढ्याच कारणाने आम्ही तेथील लामतुरे संग्रहालयाची पायरी चढलो. आणि त्या समजुतीची आम्हांस लाज वाटली.

हे तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. तेथील कापड गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोच बंदरास जात असे. त्या वैभवाच्या खुणा गावच्या पांढरीत पुरून राहिल्या. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या चिकाटीने जमविल्या आणि पुढे तो संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला.

मणी, शंखाच्या वस्तू, भाजक्या मातीच्या मूर्ती, सातवाहनांची नाणी हे सारे येथे आहेच. परंतु तेरची खरी कीर्ती आहे ती एका लहानशा हस्तिदंती स्त्रीमूर्तीमुळे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि अभ्यासक तिची तुलना तेर व भोकरदन येथील मूर्तींशी करीत आले आहेत. उलट दिशेचा पुरावा कोल्हापुरास टाउन हॉल संग्रहालयात पाहावा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडलेला ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन तेथे आहे.

मोठ्या शहरातील संग्रहालयात वस्तू दिसते, पण तिची माती दिसत नाही. तेरला बाहेर पडताच पायांखाली खापरे लागतात, तेरणेचा काठ दिसतो, आणि ज्या मातीने गोरोबाकाकांस घडे दिले तिनेच हा ठेवाही जपला, हे ध्यानी येते. आम्ही मात्र तिजवरून दर्शनास जाऊन तसेच परतणार होतो. वाचकांनी तरी मुलाबाळांसह जाताना गाडीच्या वेळेवर विसंबू नये. हाती एक दुपार राखूनच निघावे.