अर्ध्या व्होल्टाची गोष्ट

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने इंजिनाविषयी लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. पण कॉलेजला सुट्टी लागली की मी बीड रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये पाने पुसून देणारा पोऱ्या होतो. नखांतले काळे तेल दोन-दोन आठवडे निघत नाही आणि मग उत्तरपत्रिकेवर त्याचे ठसे उमटतात. गेल्या दसऱ्यानंतर त्या गॅरेजमध्ये मी एक गोष्ट शिकलो. ती कोणत्याही नोट्समध्ये नव्हती, म्हणून येथे सांगतो.

आमचे गाव वडवणी तालुक्यात. दसरा झाला की ते रिकामे होऊ लागते. मुकादमाकडून उचल घेतलेली माणसे ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव पडावे आणि त्याचे कोणाला काही वाटू नये, इतका तो शब्द अंगवळणी पडला आहे. माझे आईवडील असाच एक कोयता. मी आजीपाशी राहून शिकलो.

त्यांच्या टोळीचा ऊस मामाचा ट्रॅक्टर वाहतो. ट्रॅक्टर कर्जाचा आणि नव्या पद्धतीचा. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. तेव्हापासून त्यांच्या इंजिनांत डिझेल एका जाड नळीत प्रचंड दाबाने साठवले जाते आणि ते केव्हा व किती सोडायचे हे एक लहानसा संगणक ठरवतो. त्या संगणकाला स्वतःचे डोळे-कान नाहीत. ठिकठिकाणी बसवलेले सेन्सर त्याला बातम्या पुरवतात. बातमी चुकीची आली की तो पिवळा दिवा लावतो आणि इंजिनाची ताकद काढून घेतो.

मामाच्या ट्रॅक्टरचा हाच रोग होता. भरल्या ट्रॉल्या घेऊन चढाला लागले की दिवा लागायचा आणि इंजिन बसायचे. बंद करून पुन्हा चालू केले की काही वेळ ठीक. मागच्या हंगामात मामाने दुसरीकडे एका ठिकाणी सेन्सर बदलून घेतला होता. पैसे काही हजार गेले आणि आठ दिवसांत दिवा पुन्हा लागला. आता टोळी निघायला चार दिवस उरले होते. दहा कोयते सामान बांधून बसले होते.

"उस्ताद, नवा सेन्सर टाका अन् मोकळं करा," मामा आल्या आल्या म्हणाला.

उस्तादांनी पान्याला हात लावला नाही. ते स्टुलावर बसले आणि विचारू लागले. दिवा कधी लागतो? उभ्या गाडीला लागतो का? रिकाम्या ट्रॉलीला? रस्ता खराब असला म्हणजे? सकाळी, की इंजिन तापल्यावर? मामा कंटाळला, पण उत्तरे देत गेला. त्यातून एवढे निघाले की, उभ्या गाडीला दिवा कधीच लागत नाही. हादरे बसले की लागतो.

मग उस्तादांनी स्कॅनर जोडला. पडद्यावर आले : रेल प्रेशर सेन्सर, व्होल्टेज कमी.

"बघा, सेन्सरच!" मामा म्हणाला.

"नाही मामा. हे यंत्र एवढंच सांगतंय की बातमी वाईट आली. बातमीदार मेला का टपाल रस्त्यात हरवलं, ते आपण बघायचं."

सेन्सरच्या कपलरमध्ये तीन तारा येतात. एकीतून संगणक पाच व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थची, तिसरीतून बातमी परत जाते. उस्तादांनी कपलर काढून मीटर लावला. पाच व्होल्ट बरोबर होते. अर्थ बरोबर होता. कपलर पुन्हा बसवून त्यांनी तिसऱ्या तारेवर मागच्या बाजूने सुई टेकवली आणि मला चावी फिरवायला लावली. इंजिन मात्र चालू करू दिले नाही. मीटरने दाखवले ०.५.

"इंजिन बंद आहे. नळीत दाब नाही. मग शून्य का नाही? अर्धा व्होल्ट कशाचा?" त्यांनी मला विचारले.

मी गप्प.

"अरे, दाब नसला तरी सेन्सर अर्धा व्होल्ट पाठवतोच. म्हणजे मी जिवंत आहे, पण सांगण्यासारखं काही नाही. आणि सरळ शून्य आला, तर दाब नाही असं समजायचं नाही. बातमीच पोचत नाही असं समजायचं. हे दोन्ही एक नव्हेत, ध्यानात ठेव."

उस्ताद पूर्वी मुंबईला बोटींची इंजिने दुरुस्त करीत. तिथे खारी हवा कपलरमध्ये शिरून हिरवा गंज धरते आणि लोक चांगले सेन्सर समुद्रात फेकतात, असे ते सांगत. "इथं खारं पाणी नाही, पण हादरे आहेत," म्हणून त्यांनी मला मीटरकडे बघत बसवले आणि स्वतः वायरिंगचा जुडगा वीत-वीत हलवत निघाले. ०.५... ०.५... ०.५. इंजिनाच्या मागच्या अंगाला एका पत्र्याच्या पट्टीजवळ त्यांचा हात गेला आणि आकडा एकदम शून्यावर आला. समोरचा पिवळा दिवा लागला.

तेथला क्लिप तुटला होता. जुडगा पट्टीवर घासून एका तारेचे आवरण झिजले होते आणि आतले तांबे चमकत होते. हादरा बसला की ते पत्र्याला टेके आणि बातमी वाटेतच जमिनीत जाई. उस्तादांनी तार कापून जोडली, कथलाचा डाग दिला, स्लीव्ह चढवली, नवा क्लिप लावून जुडगा पट्टीपासून दूर बांधला. सामान शंभर रुपयांचेही नव्हते.

नंतर त्यांनी मामाला विचारले, "मागं काढलेला सेन्सर फेकला का?" तो टूलबॉक्समध्येच होता. उस्तादांनी तो नुसता कपलरला जोडून पाहिला. मीटरने दाखवले ०.५.

मामा बराच वेळ त्या सेन्सरकडे बघत राहिला. "म्हणजे चांगलाच होता की हा."

त्या संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा माय पत्र्याच्या पेटीत भांडी भरत होती. वाकून उठताना तिने कमरेवर हात ठेवला. मी विचारले, "माय, दुखतंय का?"

"काही नाही," ती म्हणाली.

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. दहा वर्षांपूर्वी, ती अठ्ठावीस वर्षांची असताना, पोटात दुखते म्हणून तिला एका खाजगी दवाखान्यात नेले होते. पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल, असे सांगण्यात आले. हंगाम तोंडावर होता. कामावर खाडा पडला तर दंड. मुकादमाकडून आणखी पैसे उचलून पिशवी काढली. दुखणे मात्र राहिलेच. २०१९ साली सरकारी समितीने आमच्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. माझी माय त्यांतली एक. तिची पिशवी खरोखर खराब होती की नव्हती, मला ठाऊक नाही. उघड्यावरचा संसार, पाण्याची टंचाई, डोक्यावर उसाची मोळी. दुखणे यांतले कशाचे होते हे कोणी विचारलेच नव्हते. आणि 'कोणी'मध्ये मीही आलो. तिने 'काही नाही' म्हटले की मला ते बरे वाटे. शून्य म्हणजे दुखणे नाही, असेच मी धरून चाललो होतो.

मी पेटीशेजारी बसलो आणि उस्तादांचेच प्रश्न विचारले. कधी दुखते? सकाळी, की मोळी उचलल्यावर? झोपल्यावर थांबते का? पहिल्या दोन प्रश्नांना ती हसली. तिसऱ्याला हातातले पातेले खाली ठेवले. मग कितीतरी वेळ ती बोलत होती. रात्री पायाला मुंग्या येतात, तळपाय जळतात, कधी अंगाची अशी आग होते की थंडीतही पांघरूण नको वाटते. यांतले एकही मला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ विचारले, तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि ओझे उचलू नका म्हणाल्या. माय मान खाली घालून "बरं" म्हणाली. तीन दिवसांनी टोळी निघाली. ट्रॉलीत पेटीला टेकून ती बसली होती. मामाचा फोन आला, सगळे चढ पार झाले, दिवा लागला नाही.

तारेला डाग देता येतो. उचलीला देता येत नाही, हे मला कळते. पण आठवड्यातून दोनदा मी फोन करतो. माय म्हणते, "काही नाही, बरी हाय." पूर्वी मी इथेच फोन ठेवत असे. आता ठेवत नाही. विचारतो, "आज किती मोळ्या उचलल्यास?"