मायक्रोसर्व्हिसबाईंना अनावृत पत्र

मायक्रोसर्व्हिसबाई,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, हल्ली कुठल्याही नव्या अ‍ॅप्लिकेशनचं डिझाइन रिव्ह्यूला आलं, की पहिल्या स्लाइडवर तुम्हीच हजर असता. पंधरा-वीस चौकोन आणि त्यांच्यात बाणांचं जाळं. यातून वापरणाऱ्याला नेमकं काय मिळणार, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

तुमचं कर्तृत्व नाकारत नाही. ऑगस्ट २००८मध्ये नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस त्यांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. मग त्यांनी क्लाउडची वाट धरली आणि जुन्या अखंड सॉफ्टवेअरच्या जागी शेकडो छोट्या सेवा उभ्या केल्या. हे स्थलांतर पुरं व्हायला जानेवारी २०१६ उजाडला. एवढी वर्षं त्यांनी कशासाठी घातली, हे न बघता बाकीच्यांनी फक्त त्यांची आकृती उचलली.

घोळ आकृतीतच आहे. आर्किटेक्चरच्या आकृत्या काढायची आर्किमेट नावाची भाषा आहे; तिच्या मांडणीत सेवा म्हणजे बाहेरच्याला दिसणारं, त्याच्या उपयोगाचं काम. ते करणारा घटक वेगळा दाखवतात. ‘ऑर्डर रद्द करणे’ ही सेवा झाली. ती पुरवायला तुम्ही एकट्या पुरता की तिघी लागता, की साधं एक मोड्यूल भागवेल, हे त्यानंतर ठरवायचं. आमच्याकडे आधी तुमची संख्या ठरते आणि मग तुमच्यासाठी काम शोधलं जातं.

पुढे काय होतं ते बघा. ऑर्डर सर्व्हिस पेमेंट सर्व्हिसला पैसे कापायला सांगते. उत्तर येण्याआधीच टाइमआउट. पैसे कापले गेले की नाही, कळायला मार्ग नाही. पुन्हा विचारावं, तर दोनदा कापले जाण्याची भीती; म्हणून प्रत्येक मागणीला वेगळा क्रमांक द्या आणि तोच क्रमांक परत आला तर काम पुन्हा करू नका. पैसे कापले पण माल संपला, तर उलटी नोंद करून परतावा द्या. एकाच डेटाबेसमध्ये हे एका रोलबॅकचं काम होतं. शिवाय प्रत्येकी ९९.९ टक्के वेळ चालू असणाऱ्या दहा जणी एकीमागून एक लागल्या, तर साखळी जेमतेम ९९ टक्के वेळ चालते. म्हणजे महिन्याला सात तास बंद.

त्याहून वाईट म्हणजे वेगळ्या चुली मांडायच्या आणि पिठाचा डबा एकच ठेवायचा. वीस सर्व्हिसेस एकाच टेबलात लिहितात; एकीने कॉलम बदलला की सगळ्यांचं रिलीज अडतं. वेगळं होण्याचा खर्च पुरा, फायदा शून्य.

मग रेघ कुठे मारायची? डेव्हिड पार्नासने १९७२मध्येच सांगून ठेवलंय की, उद्या बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका मोड्यूलच्या पोटात झाका. एरिक इव्हान्सने २००३मध्ये व्यवसायाच्या भाषेच्या हद्दी शोधायला शिकवलं: विक्रीवाल्यांचा ‘ग्राहक’ आणि वसुलीवाल्यांचा ‘ग्राहक’ एक नसतो. आणि मेल्विन कॉन्वे १९६८मध्येच म्हणाला होता की, संस्थेत जशी माणसं बोलतात तशीच तिची सिस्टीम घडते. पाच जणांच्या टीमने तुमच्यासारख्या तीस जणी सांभाळायच्या, हे त्या हिशेबात कुठेच बसत नाही.

माघार घेण्यात कमीपणाही नाही. अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका टीमने २०२३मध्ये जाहीर केलं की, प्रक्षेपणाचा दर्जा तपासणारी त्यांची विखुरलेली यंत्रणा त्यांनी एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये आणली आणि तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला.

तेव्हा बाई, विनंती तुम्हाला आहे आणि तुम्हाला आमंत्रण देणाऱ्या आर्किटेक्ट मंडळींनाही. चौकोन काढण्याआधी त्याच्याशेजारी तीन उत्तरं लिहा: ही सेवा कोणासाठी, हिचा स्वतःचा डेटा कोणता, आणि रात्री दोन वाजता ही पडली तर फोन कोणाला जाणार. यातलं एकही उत्तर कोरं राहिलं, तर तो चौकोन खोडा. त्या कामाला मोड्यूल पुरतं.

कळावे,
आपला हितचिंतक,
रिव्ह्यूच्या टेबलावरचा एक आर्किटेक्ट