पनकसूक्ष्म आणि औषधाची मात्रा

चातुर्मासात साधु-साध्वींनी कोणत्या सूक्ष्म जीवांविषयी विशेष जागरूक राहावे, हे सांगताना कल्पसूत्रात आठ ‘सूक्ष्मां’ची गणना केली आहे. त्यांतील एक पनकसूक्ष्म, म्हणजे बुरशी. ती पाच रंगांची असते आणि ज्या द्रव्यावर उगवते त्याचाच वर्ण धारण करते, असे तेथे म्हटले आहे. परिस्थितीशी जुळवून घेण्याचा बुरशीचा हा स्वभाव गेल्या पावसाळ्यात मला गजकर्ण झाले, तेव्हा वेगळ्या अर्थाने उमगला.

त्वचारोगतज्ज्ञांनी काही आठवडे इट्राकोनॅझोलच्या गोळ्या घेण्यास सांगितले. दहा दिवसांतच खाज शमली. आता तरी ही जीवहानी थांबवावी का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी औषध पूर्ण करण्याचा आग्रह धरला. त्यामागील कारण मी वाचून समजून घेतले.

बुरशीच्या पेशीचे आवरण अर्गोस्टेरॉल या स्निग्ध द्रव्यावाचून नीट टिकत नाही. इट्राकोनॅझोल ज्या वर्गातील आहे, ती अ‍ॅझोल औषधे हे द्रव्य घडवणाऱ्या एका एन्झाइमला रोखतात. कँडिडा अल्बिकन्स या बुरशीत पुढे काय घडते, याचा बराच अभ्यास झाला आहे. अर्गोस्टेरॉल घटताच यूपीसी-२ हे प्रथिन ईआरजी-११ जनुकाचे काम वाढवते. रोखलेले एन्झाइम अधिक प्रमाणात तयार होते. टॅक-१ हे दुसरे प्रथिन सीडीआर-१ व सीडीआर-२ या जनुकांना चालना देते. त्यांपासून बनलेले पंप औषध पेशीबाहेर फेकतात. गजकर्णाच्या बुरशीतही औषधाच्या सान्निध्यात अशा पंपांची जनुके अधिक सक्रिय झालेली आढळली आहेत.

येथे जनुक तेच राहते, त्याची सक्रियता तेवढी वाढते. परंतु काही पेशींत उत्परिवर्तन होऊन ही सक्रियता कायमची होते. उपचार अर्धवट राहिल्यास अशा चिवट पेशी तगून वाढण्याची आणि टॉवेल-कपड्यांवाटे घरातील इतरांपर्यंत पोहोचण्याची भीती असते.

मात्रा अर्धी केली म्हणून हिंसा अर्धी होत नाही. रोग उलटतो, औषध अधिक दिवस घ्यावे लागते, आणि कदाचित नातवंडांनाही. खरी जयणा त्याआधीची आहे: अंग कोरडे ठेवावे, कपडे उन्हात वाळवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा, म्हणजे बुरशी उगवणारच नाही. उगवलीच, तर सांगितलेली मात्रा पूर्ण करणे हेही मी जयणेतच मोजतो.