आइसलँडची सहल आणि कुडलची वाट

मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी आई-आप्पांना घेऊन आइसलँडला जायचं चाललंय. ही बातमी घराबाहेर फुटल्यापासून दोनच प्रश्न येतायत. पहिला, "तिथं आहे काय बे बघायला?" दुसरा, "किती पडले?" एका मामांनी तर सरळ हिशोबच मांडला, तेवढ्यात गावाकडं बोअर आणि पाइपलाइन दोन्ही झालं असतं. मामांचं चूक नाही. पण आप्पांनी पस्तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढली, कान अर्धे गेले, मागच्या वर्षी हृदयात स्टेंट बसला. त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. शाळेच्या भूगोलात जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याचं चित्र होतं म्हणे, ते एकदा खरं बघायचंय. यंदा त्यांची एक ठेव सुटली. पैसे त्यांचे, इच्छा त्यांची. माझ्याकडं फक्त नियोजन आलं. आणि हे नियोजन करताना जे दिसलं, ते आपल्या सोलापूरच्या कामाचं आहे म्हणून लिहितोय.

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. आइसलँडचं क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र चार लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, म्हणजे अख्खा देश आपल्या शहराच्या निम्माही नाही. आणि वर्षाला पाहुणे येतात २२-२३ लाख! जमीन कसली, तर काळा बसाल्ट. आपल्या शेतात खणलं की लागतो तोच दगड. फरक एवढाच की आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, त्यांचा अजून गरम आहे. रेकयाविक या राजधानीतली घरं जमिनीखालच्या गरम पाण्यावर उबदार राहतात. प्रसिद्ध ब्लू लगून म्हणजेसुद्धा भू-औष्णिक वीजकेंद्रातून बाहेर सोडलेल्या पाण्याचं तळं. कारखान्याचं सांडपाणी म्हटलं की आपण नाक दाबतो, तिथं लोक तिकीट काढून उतरतात.

आता आमचा बेत. पाच रात्री, मुक्काम एकाच हॉटेलात, रेकयाविकला. रोज सामान बांधणं आप्पांना झेपणार नाही. गाडी भाड्यानं घेऊन फिरा असं बरेच जण सांगतात, पण तिथला वारा आणि घाटातलं हवामान बघता मी तो नाद सोडला. रोज सकाळी गाइडसह बस, संध्याकाळी परत. एक दिवस 'गोल्डन सर्कल': थिंगवेल्लिर, गेसिर आणि गुल्लफॉस. फेरी साधारण अडीचशे किलोमीटर, म्हणजे सोलापूर ते पुणे. गेसिरच्या मैदानात स्ट्रोक्कुर नावाचा फवारा दर पाच-दहा मिनिटांनी उसळतो, त्यामुळं आप्पांना बाकावर बसूनही तो चार वेळा बघता येईल. एक दिवस दक्षिण किनारा: सेल्यालान्सफॉस आणि स्कोगाफॉस हे साठेक मीटरचे धबधबे, आणि रेनिसफ्याराचा काळ्या वाळूचा किनारा. पहिल्या धबधब्याच्या मागून चालत जाता येतं, पण वाट निसरडी, तिथं मी एकटा जाणार. एक रात्र उत्तरेकडचा प्रकाश बघायला राखलीय. दिसला तर नशीब. पण बऱ्याच कंपन्या तो नाही दिसला तर दुसऱ्या रात्री फुकट नेतात.

दुसरा प्रश्न पैशांचा. आपल्याकडच्या ग्रुप टूरचे माणशी साडेतीन-चार लाखांचे आकडे ऐकले. विमान, हॉटेल आणि तिथल्या एकेक दिवसाच्या बससहली वेगवेगळ्या घेतल्या तर आमचं त्याच्या बरंच आत बसतंय. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी. पासपोर्टचं काम आता सोलापुरातच पोस्टातल्या केंद्रात होतं. व्हिसा शेंगेन लागतो, मोठ्या माणसाला शुल्क ९० युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं आणि ते केंद्र सोलापुरात नाही, तेव्हा म्हाताऱ्या माणसांची ती एक खेप धरूनच चाला. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा बंधनकारक आहे, पण आधीचा आजार त्यात धरलाय का हे नीट वाचा, आमचे दोन विमे याच ओळीवर बाद झाले. भारतातून टूर पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस घेतात, तो विवरणपत्र भरताना करात वळता होतो. आणि हो, मांसाचे व दुधाचे पदार्थ बॅगेत नकोत. पेढे घरी ठेवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खुशाल न्या.

हे सगळं ठरवायला मला किती जणांना फोन करावे लागले? एकालाही नाही. सोलापुरात बसून आज तिथला कुठला रस्ता बंद आहे, कुठं वारा किती आहे, ज्वालामुखीची स्थिती काय, रात्री ढग कुठं असतील, हे सगळं त्यांच्या सरकारी पानांवर इंग्रजीत दिसतं. बस कुठल्या क्रमांकाच्या थांब्यावरून सुटणार, स्वच्छतागृह कुठं, पायऱ्या कुठं, हेही आधीच कळतं. रेनिसफ्याराला अचानक आत ओढणाऱ्या लाटा येतात, तिथं धोक्याप्रमाणं रंग बदलणारे दिवे लावलेत. कुणी अडकलंच तर शोध-बचावाला धावणारी पथकं स्वयंसेवकांची आहेत. नववर्षाला ती फटाके विकतात आणि त्यातून वर्षाचा मोठा खर्च भागवतात. धबधबा निसर्गानं दिला, मान्य. पण स्टेंट बसलेल्या माणसाला घेऊन जायची हिंमत मला धबधब्यानं दिली नाही, या माहितीनं दिली.

ते लोक काही आभाळातून पडलेले नाहीत. २००८ साली त्यांच्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या. २०१० मध्ये ज्वालामुखीच्या राखेनं युरोपभरची विमानं जमिनीवर आली. त्या वर्षी पाहुणे पाच लाखांच्या आसपास होते, २०१८ पर्यंत २३ लाख झाले. गर्दीचा त्रासही झाला. जस्टिन बीबरच्या एका गाण्याच्या चित्रफितीमुळं प्रसिद्ध झालेल्या घळीत लोकांनी शेवाळ तुडवून चिखल केला, तेव्हा २०१९ मध्ये त्यांनी ती घळ काही काळ सरळ बंद ठेवली. मोठ्या बसना राजधानीच्या मध्यभागी बंदी घातली. आपल्याकडं कास पठारावर ऑनलाइन नोंदणी आणि रोजच्या संख्येला मर्यादा आलीच ना? म्हणजे महाराष्ट्राला जमत नाही असं नाही. जिथं ठरवलं तिथं जमलंय.

गुल्लफॉसची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या धबधब्यावर वीज प्रकल्प होणार होता. शेजारच्या शेतकऱ्याची मुलगी, सिग्रिदुर तोमासदोत्तिर, आडवी आली. राजधानीपर्यंत पायी गेली, धबधब्यात उडी घेईन म्हणाली. कोर्टात हरली, पण भाडं थकल्यामुळं करारच रद्द झाला आणि धबधबा वाचला. तिचं स्मारक आज तिथं उभं आहे. १९७९ मध्ये गुल्लफॉस संरक्षित झाला. आता हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच १९७९ मध्ये आपल्या नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. सोलापूरच्याच पक्षिप्रेमींनी डोळ्यांत तेल घालून तो पक्षी नोंदवला, माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे हे सांगत राहिले. आज गुल्लफॉसला रोज बसगाड्यांची रांग लागते आणि नान्नजला एखाद-दुसरा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. काळवीट आहेत, लांडगे आहेत, गवत आहे. शहरापासून वीसेक किलोमीटर. तुमच्या ओळखीतली किती पोरं तिथं जाऊन आलीत?

थिंगवेल्लिरचं तर जास्तच लागलं मनाला. इ.स. ९३० साली तिथं उघड्यावर, खडकांच्या भेगेत, त्यांची लोकसभा भरायला लागली. इमारत नाही, पुतळा नाही, नुसती जागा. पण लाकडी पायवाट आहे, फलक आहेत, समजावून सांगणारा माणूस आहे, २००४ पासून जागतिक वारसाही आहे. आणि आपल्याकडं? भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. आपल्या भाषेच्या अगदी पहिल्या लेखांपैकी एक, विजापूर रस्त्यानं चाळीसेक किलोमीटरवर. गेल्या हिवाळ्यात पुण्याचे पाहुणे घेऊन गेलो तर वळण कुठलं हे दोन ठिकाणी विचारावं लागलं, आणि पाहुण्यांतल्या आजींना स्वच्छतागृह विचारायची सोय नव्हती. लेख बघून त्या माउली हरखल्या, पण परतीला म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर पाणी कमी प्यायले असते." पर्यटनाचा अख्खा अहवाल या एका वाक्यात आला.

आता विमानाचं बघा. २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पडली. ती पाडावी की नाही यावर गावात किती वर्षं वाद झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं. चांगलंच झालं. पण उतरलेल्या माणसाला आपण दोन दिवस काय दाखवणार? सिद्धेश्वर, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर तो स्वतः शोधतो, तिथं देवच त्याला बोलावतात. बाकीचं कोण सांगणार? पावसाळ्यात नळदुर्गच्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात. पण आज पाणी पडतंय की नाही, हे सोलापुरातून निघण्याआधी कळायला ओळखीच्याला फोन करावा लागतो. पन्नास किलोमीटर जाऊन कोरडी भिंत बघून आलेली मंडळी इथंही असतील.

कोटींचा आराखडा नको, फोटोची कमान नको, 'आय लव्ह' लिहिलेली रंगीत अक्षरं तर अजिबात नकोत. मागणं साधं आहे. जिल्ह्याचं एक पान, ज्यावर आज कुठं पाणी आहे, कुठला रस्ता खराब आहे, कुठलं ठिकाण किती वाजता बंद होतं हे रोज लिहिलेलं असेल. वळणावर पाटी. स्वच्छ स्वच्छतागृह, तेही कुलूप न लावलेलं. शनिवार-रविवारी ठरलेल्या वेळी सुटणारी एक बस, नान्नजची सकाळी, कुडलची दुपारी. आणि त्यात मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारा गाइड. आपल्या गावात असली पोरं प्रत्येक गल्लीत आहेत, तीन-तीन भाषा बोलतात आणि कामासाठी पुण्याची गाडी पकडतात.

काही जण म्हणतील, मग बाहेर जातोच कशाला? जाणार. आप्पांचा फवारा बघून येणार, आणि त्यासाठी कुणाची माफी मागणार नाही. पण ऑगस्टमध्ये, व्हिसाची वाट बघत असताना, त्यांना कुडलला नेणार आहे. चाळीस किलोमीटरवर राहून त्यांनी तो लेख अजून बघितलेला नाही. दगडाशेजारी बसवून त्यांना वाचून दाखवीन.

तुमच्याकडं एक काम. तुम्ही पाहुणे घेऊन जिल्ह्यात जिथं गेलात, तिथं नेमकं काय अडलं ते एका ओळीत कळवा. ठिकाण, महिना, अडचण. राजकारण नको, पक्ष नको. पंधरा दिवसांत यादी करतो आणि जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतः नेऊन देतो. पोच मिळाली की तिचा फोटो इथंच टाकीन.