घाटघरच्या वाटेवर थांबलेली जीप

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे कोरडवाहू रान आणि पाण्याचे टँकर उभे राहतात. पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आपण एकदा आवणीच्या दिवसांत जाऊन या. अकोल्याहून (विदर्भातले नव्हे, हे अकोले प्रवरेकाठचे) राजूर आणि राजूरहून शेंडी गाठायची. तिथे 1926 साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आहे. एका अंगाला 1646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, दुसऱ्या अंगाला रतनगड. त्याच रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते. जलाशयाला वळसा घालत रस्ता घाटघर, साम्रद, रतनवाडी अशा गावांकडे जातो. घाटघरला पठार एकदम तुटते आणि ढग बाजूला झाले तर खाली कोकण दिसते.

आषाढात या वाटेवर दहा पावलांपुढचे दिसत नाही. खाचरांतून इरली घेतलेल्या बाया वाकलेल्या असतात, प्रत्येक ओहोळ रस्त्यावर येऊ पाहत असतो आणि मोबाइलला रेंज टेकाडावर चढल्याशिवाय मिळत नाही. अशा मुलखात ज्याच्या दारात जीप, त्याची जीप साऱ्या वाडीची असते. बाळंतीण नेण्यासाठी तीच, बाजारासाठी तीच आणि आजाऱ्यासाठीही तीच.

मी कृषी खात्यातला माणूस. 2022 च्या जुलैत माझी स्वतःची जुनी जीप घेऊन साम्रदकडे गेलो होतो. युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये चिखलात कशा खोचायच्या, ते शेतकऱ्यांना दाखवायचे होते. काम आटोपून चहा घेत होतो, इतक्यात ओरडा झाला. रोप काढताना एका बाईंच्या पायाला साप चावला होता. पाय हलू न देता त्यांना उचलून माझ्या जीपमध्ये निजवले आणि आम्ही राजूरच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघालो.

सकाळी येतानाच मागून घोंऽऽ असा आवाज येत होता. वाडीतला एक पोरगा म्हणालाही होता, "साहेब, गाडी मागून रडतीय." मी म्हटले, "जुनी झाली रे, रडायचीच." आता दोन-तीन किलोमीटर गेलो असू, तोच मागे कडाडकन आवाज झाला आणि जीप जागच्या जागी बसली. पाऊण तास आम्ही पावसात उभे होतो. शेवटी दुधाची पिकअप आली आणि तिने बाईंना नेले. इंजेक्शने मिळाली, बाई वाचल्या. पण तो पाऊण तास मी अजून विसरलेलो नाही. बाईंची सासू मला एका शब्दानेही बोलली नाही. त्याचेच मला जास्त लागले.

राजूरच्या मिस्त्रीने मागचा आस खोलला. त्यातून दूध घातलेल्या चहासारखे पाणी बाहेर आले. "साहेब, यात तेल कुठंय? हा तर चहा झालाय!" तो म्हणाला. दर आठवड्याला इंजिनचे ऑइल बघणारा मी, मागच्या डिफरन्शिअलचे तेल तीन वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

डिफरन्शिअल म्हणजे काय, हे आपल्या घरातली वडीलधारी माणसे चटकन सांगतील. खळ्यावर बैलांची पात धरली की मेढीजवळचा बैल थोडे चालतो आणि बाहेरचा बैल जास्त. दोघांना सारखेच चालायला लावले तर पात मोडेल. गाडी वळते तेव्हा आतल्या आणि बाहेरच्या चाकाचे असेच होते. इंजिनचे बळ दोन्ही चाकांना देऊन प्रत्येकाला आपापल्या चालीने फिरू देणारा दातेरी चक्रांचा जुडगा म्हणजे डिफरन्शिअल. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी भोपळा दिसतो, त्यात तो तेलात बुडून असतो.

त्यात पाणी कसे शिरले? आदल्या पावसाळ्यात मी दोनदा पाण्याखालच्या फरशीवरून गाडी घातली होती. ती चूकच होती. फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नये. चालून तापलेला आस थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढते. जळत्या दिव्यावर तांब्या पालथा घातला की तो परातीतले पाणी वर ओढतो, तसेच हे. पाणी मिसळलेले तेल दात्यांना धरून राहत नाही, बेअरिंग गंजते आणि मग एक दिवस ते दगा देते.

पुढच्या वर्षी, 2023 च्या मे महिन्यात, मी मुद्दाम त्याच घरी गेलो. त्या बाईंच्या मुलाने जुनी जीप घेतली होती. आम्ही दोघांनी अंगणात तिचे तेल बदलले. ते कसे, हे आता सांगतो.

आधी तेलाची निवड. अशा गाड्यांच्या मागच्या आसातली चक्रे बहुधा हायपॉइड जातीची असतात. त्यांचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, जोराने घासतही जातात. म्हणून त्यांना जास्त दाब सोसणारे, डब्यावर जीएल-5 लिहिलेले गिअर तेल लागते. दाटपणा 80डब्ल्यू-90, 90 की 85डब्ल्यू-140, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. काही गाड्यांत लॉक होणारे डिफरन्शिअल असते. त्यात पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. इंजिनचे ऑइल इथे चालत नाही. आणि मागच्या आसाचे उरलेले तेल गिअरबॉक्समध्येही ओतू नये. पुष्कळ गिअरबॉक्सना जीएल-4 लागते आणि त्यातल्या पितळी भागांना जीएल-5 बाधू शकते. एकच औषध सगळ्या किडींवर मारणारा शेतकरी जसा फसतो, तसाच एकाच डब्यातले तेल सगळीकडे घालणाराही फसतो. ट्रॅक्टरच्या मागच्या भागात तर पुष्कळदा हायड्रॉलिकचेही तेच तेल असते. तिथे वेगळे तेल लागते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान मोटारींत हा भोपळाच नसतो. त्यांचे डिफरन्शिअल गिअरबॉक्समध्येच असते.

आता काम. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी, म्हणजे तेल पातळ होते. मग अगदी सपाट जागी लावावी. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. जीपखाली जॅकशिवाय शिरता येते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही जाऊ नये. भोपळ्याला दोन बोल्ट असतात, वरचा तेल भरण्याचा आणि खालचा सोडण्याचा. आजूबाजूचा चिखल ब्रशने काढावा.

पहिल्यांदा वरचा बोल्ट सोडवावा. हे विसरू नका. खालचा सोडून तेल सांडले आणि वरचा गंजून बसला, तर गाडी दारातच अडकेल. वरचा सुटला की खाली पसरट घमेले ठेवून खालचा काढावा. तेल अंगावर घेऊ नये. ते गरम असते आणि कातडीलाही चांगले नाही. काही आसांना खालचा बोल्ट नसतो. अशी गाडी मिस्त्रीकडेच न्यावी.

निघालेले तेल उजेडात पाहावे. काळे असेल तर ते जुने झाले, एवढेच. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लोण्यासारखा थर दिसतो, त्याला घाबरू नये. पण लोखंडाचे तुकडे किंवा दात्याची चकती सापडली तर गाडी चालवू नये.

खालचा बोल्ट पुसून, नवा वॉशर घालून घट्ट बसवावा. मग हातपंपाने किंवा नळी आणि नरसाळ्याने वरच्या छिद्रातून नवे तेल भरावे. छिद्राच्या खालच्या काठाला तेल लागून ओघळू लागले की थांबावे. "अजून थोडं असू द्या की," मुलगा म्हणाला. पण जास्तीचे तेल सील ओलांडून ब्रेकपर्यंत पोहोचू शकते आणि घाटात ते जिवावर बेतते.

शेवटी आसाच्या वरची लहानशी श्वासनळी पाहावी. त्या जीपच्या नळीवर कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. नळी बुजली की आतली तापलेली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते आणि गार होताना बाहेरचे पाणी आत घेते.

जुने तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, वाळवीसाठी खांबांना फासू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. मातीत ते वर्षानुवर्षे राहते आणि आपण त्याच मातीतले पीक खातो.

बदल किती किलोमीटरला करायचा, ते पुस्तिका सांगेल. पण आस पाण्यात बुडाला असेल तर वाट पाहू नये, त्याच आठवड्यात वरचा बोल्ट काढून बोटाने तेल पाहावे. बैल चिखलातून आला की आपण त्याचे खूर बघतोच ना?

काम झाले तेव्हा त्या मुलाने ओसरीच्या भिंतीवर कोळशाने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले. त्याची आजी आतून चहा घेऊन आली. जीपकडे पाहून म्हणाली, "आता नाही ना रडायची?" मी म्हटले, "रडली तर या वेळी ऐकू, आजी."