लाल औषधाची बेरीज

डॉक्सोरुबिसिन हे औषध लालभडक असतं. वॉर्डात सगळे त्याला ‘लाल औषध’च म्हणतात. केमोच्या दुसऱ्या दिवशी लघवीही लाल होते आणि नातेवाईक घाबरून धावत येतात. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. लघवीतून तो दोन दिवसांत जातो. हृदयात मात्र या औषधाची बेरीज जन्मभर राहते, आणि मी हृदयरोगतज्ज्ञ असून कॅन्सरच्या पेशंटमध्ये रमलो तो या बेरजेमुळे.

दक्षिण इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून या औषधांचं घराणं सुरू झालं. स्तनाचा कॅन्सर, लिम्फोमा, हाडांचा सार्कोमा अशा अनेक आजारांत त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. त्यामुळे ‘हृदयाला त्रास होतो, मग नकोच’ असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. आधी माणूस जगला पाहिजे.

पण किती दिलं, हे लिहून ठेवायला हवं. 1979 साली अमेरिकेत सुमारे चार हजार पेशंटच्या नोंदी तपासल्या गेल्या. शरीराच्या दर चौरस मीटरमागे एकूण 400 मिलिग्रॅम औषध गेलेल्यांपैकी 3 टक्के लोकांचं हृदय निकामी होत होतं, 550 ला 7 टक्के, 700 ला 18. मग 550 ची लक्ष्मणरेषा ठरली. 2003 मध्ये दुसऱ्या अभ्यासात 550 चा आकडा 26 टक्क्यांवर गेला! आज आपण 550 च्या बरेच अलीकडे थांबतो, तरी शून्य धोक्याचा डोस मला ठाऊक नाही.

असं का होतं? पेशी वाढताना डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम हे औषध जखडून टाकतं. त्याचंच एक भावंड हृदयाच्या स्नायूत असतं, तेही सापडतं. ज्या उंदरांच्या हृदयातून ते भावंड काढून टाकलं होतं, त्यांची हृदयं या औषधापासून बचावली, असं 2012 मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी दाखवलं. हृदयाचा स्नायू मेला की जवळजवळ पुन्हा तयार होत नाही.

लहान मुलांची गोष्ट अधिक अवघड. 1991 साली बोस्टनच्या डॉक्टरांनी रक्ताच्या कॅन्सरमधून बरी झालेली 115 मुलं तपासली. निम्म्याहून जास्त, 57 टक्के मुलांच्या हृदयात दोष निघाला. मूल वाढतं, पण स्नायू त्या प्रमाणात वाढत नाही. भिंती पातळ राहतात. शाळेत धावताना काही कळतही नाही.

मोठ्यांमध्ये लवकर पकडलं तर हाती काही लागतं. मिलानमध्ये 2625 पेशंटवर लक्ष ठेवलं, 9 टक्क्यांच्या हृदयाचा जोर घटला, आणि त्यातल्या 98 टक्क्यांचा पहिल्या वर्षातच. एनालाप्रिलसारखी साधी, स्वस्त गोळी लगेच सुरू केल्यावर बहुतेक जण सुधारले, पण पूर्ववत झाले ते फक्त 11 टक्के.

आमच्याकडची अडचण वेगळीच आहे. परळच्या टाटा रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी 1991 पासून स्वतंत्र क्लिनिक आहे, पण बीड-नांदेडचा पेशंट वीस वर्षांनी गावातल्या डॉक्टरकडे जातो तेव्हा त्याच्या हातात ‘सहा केमो झाले’ एवढंच वाक्य असतं. कोणतं औषध, एकूण किती मिलिग्रॅम, छातीला रेडिएशनचा शेक दिला का, दिला तर किती ग्रे (हे शेकाचं माप)? एवढ्या तीन ओळी डिस्चार्ज कार्डावर मागून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दर चौरस मीटरमागे 250 मिलिग्रॅमच्या वर बेरीज असेल तर तक्रार नसली तरी दर दोन वर्षांनी टू-डी एको करायचा.

बऱ्या झालेल्या मुलींच्या बाबतीत आईवडील लग्न जमेपर्यंत, आणि नंतरही, कॅन्सर झाला होता हे लपवतात. त्यांची भीती मला कळते. पण गरोदरपणात हृदयावरचा भार बराच वाढतो, आणि सातव्या महिन्यात लागणारी धाप सगळे पोटाच्या भारावर ढकलतात. सासरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. प्रसूतितज्ज्ञांना मात्र पहिल्याच भेटीत सांगा, आणि तिसरा महिना संपायच्या आत एको करून घ्या.