बारा चौरस किलोमीटरचा संसार

आमच्या गावच्या शाळेत मी आठवड्यातून तीन दिवस सातवीला भूगोल शिकवते. परवा वर्गात पॅसिफिक महासागराचा नकाशा टांगला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून पुढे आली, निळ्या रंगाला अगदी नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "बाई, इथं नुसते तीन ठिपके आहेत आणि बाजूला लिहिलंय टोकेलाऊ. तिथं माणसं राहतात का हो? आणि राहत असली तर त्यांचा कारभार कोण बघतं?"

आता आली का पंचाईत! "उद्या सांगते हं," म्हणून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. ग्रंथालयातली जाडजूड पुस्तकं चाळली, दुपारची कामं आटोपली की मोबाईलवर शोधत बसले. 'उद्या' म्हणता म्हणता महिना गेला. प्रत्यक्ष टोकेलाऊला जायचा योग माझ्या नशिबात कुठला? पण मनानं मात्र तिथं जाऊन आले. मैत्रिणींनो, तुम्हीही चला माझ्याबरोबर.

पहिली गोष्ट म्हणजे विमानाचा विचार सोडून द्या. तिथं विमानतळच नाही. सामोआ देशाची राजधानी आपिया, तिथून बोटीत बसायचं आणि उत्तरेकडे सुमारे पाचशे किलोमीटर जायचं. एक अख्खा दिवस आणि वर काही तास पाण्यावर. बरं, हवं तेव्हा निघालो असंही नाही. आधी परवानगी हवी, आणि त्यासाठी त्या बेटावरच्या ज्येष्ठांच्या सभेचा होकार लागतो. पाहुणा म्हणून जायचं तर घरच्या वडीलधाऱ्यांना विचारूनच, असा हा सरळ हिशेब!

पोचल्यावरही बोट धक्क्याला लागत नाही. बेटांभोवती प्रवाळाचे खडक आहेत, त्यामुळे मोठी बोट बाहेरच थांबते. तिथून माणसं, तांदळाची पोती, पिठाची पोती, औषधं, सगळं छोट्या होडग्यातून किनाऱ्यावर न्यायचं. समुद्र खवळलेला असला तर तो शांत होईपर्यंत वाट बघत बसायचं.

अटाफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही ती तीन बेटं. बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर आणि झाडी येते. इथं तसं नाही. मधे समुद्राच्या पाण्याचं तळं आणि त्याभोवती फुलांच्या गजऱ्यासारखी वाळूची लहान लहान बेटं, अशी ही कंकणाकृती रचना. तिन्ही मिळून जमीन भरते सुमारे बारा चौरस किलोमीटर. उंची जास्तीत जास्त पाच मीटर, म्हणजे आपल्याकडच्या दुमजली घराएवढीसुद्धा नाही. वस्ती दीड हजाराच्या आसपास. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं तर पुन्हा पन्नास-नव्वद किलोमीटरचा समुद्र ओलांडायचा. टोकेलाऊ या शब्दाचा अर्थ उत्तरेचा वारा.

मातीत फारसं काही पिकत नाही. नारळ आहे, फणसासारखं दिसणारं ब्रेडफ्रूट आहे, आणि खड्डे खणून त्यात लावलेला पुलाका नावाचा अळूच्या जातीचा कंद आहे. बाकी सगळी भिस्त मासळीवर. नदी नाही, ओढा नाही. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं. पाण्याचा हिशेब बाईलाच ठेवावा लागतो हे आपल्याला का कुणी शिकवायला हवं! २०११ साली पाऊस इतका लांबला की टाक्यांचे तळ दिसू लागले आणि आणीबाणी जाहीर करावी लागली. चहूकडे पाणीच पाणी, आणि प्यायचं पाणी मात्र जहाजानं बाहेरून आणावं लागलं.

आता त्या मुलीचा दुसरा प्रश्न, कारभाराचा. टोकेलाऊ हा न्यूझीलंडचा प्रदेश. १९२० च्या दशकात तिथला कारभार न्यूझीलंडकडे आला आणि १९४९ पासून ही बेटं रीतसर त्या देशाचा भाग झाली. तिथले लोक न्यूझीलंडचे नागरिक आहेत, चलनही तिथलंच. न्यूझीलंड सरकारचा एक प्रशासक असतो, पण तो राहतो हजारो किलोमीटर दूर. मग रोजचं काय? रोजचं गाव बघतं. प्रत्येक बेटावर ज्येष्ठांची आणि कुटुंबप्रमुखांची एक सभा असते, तिला म्हणतात तौपुलेंगा. शाळेचं छप्पर गळतंय, मासेमारीला कधी जायचं, बोटीतून आलेला माल कुणी उतरवायचा, सगळं तिथं ठरतं. 'गाव करील ते राव काय करील' ही आपली म्हण तिथं अगदी शब्दशः खरी आहे.

दर तीन वर्षांनी प्रत्येक बेट मतदान करून आपला एक फैपुले, म्हणजे पुढारी, आणि एक पुलेनुकू, म्हणजे गावचा कारभारी, निवडतं. तीन फैपुले आणि तीन पुलेनुकू मिळून झालं मंत्रिमंडळ! तिन्ही बेटांचे प्रतिनिधी जिथं एकत्र बसतात त्या सभेला फोनो म्हणतात, आणि १९९६ पासून कायदे करायचा अधिकारही तिला मिळाला आहे. सगळ्यात गंमत वाटली ती प्रमुखाची. त्याला उलू म्हणतात. हे पद तिन्ही फैपुले आळीपाळीनं एकेक वर्ष सांभाळतात. यंदा अटाफूचा, पुढच्या वर्षी दुसऱ्या बेटाचा. टोकेलाऊला कायमची राजधानीच नाही. तिघी जावांनी स्वयंपाकघराची पाळी लावून घ्यावी तसा हा प्रकार! आणि त्यामुळे अमकं बेट मोठं, तमकं धाकटं असा वाद उरत नाही.

पण मला खरी ओढ लागली ती इनातीची. इनाती म्हणजे वाटणी. गावातले पुरुष मिळून मासेमारीला जातात. होड्या परतल्या की सगळी मासळी किनाऱ्यावर एका जागी ओततात, मोजतात आणि गावातल्या सगळ्या घरांत वाटतात. वाटा कसा ठरतो, माहीत आहे? ज्यानं जास्त पकडली त्याला जास्त, असं नाही. घरात माणसं किती, त्यावर. पाळण्यातलं तान्हं बाळ धरायचं, अंथरुणाला खिळलेली आजी धरायची. ज्या घरात होडीवर जाणारा कुणीच नाही, त्या घरालाही माणशी वाटा मिळतोच. मागायला जावं लागत नाही, उपकार मानावे लागत नाहीत. आपल्याकडे म्हणतात, वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं. तिथं वाढपी कोण आहे याची काळजीच नको!

आणि घरात आलेला वाटा घरात कोण वाटतं? इथं माझ्या बायकी मनानं कान टवकारले. पूर्वापार तिथली रीत अशी, की लग्न झालं तरी मुलगी आपल्या आईच्या घरीच राहते. जावई येतो तिच्या घरी. बायका राहतात, पुरुष जातात, अशी तिथली विभागणीच आहे. घरातल्या वडील बाईला म्हणतात फातुपाएपाए, म्हणजे घराच्या जोत्याचा दगड. भावांनी समुद्रातून आणायचं, बहिणीच्या घरी द्यायचं आणि ह्या बाईनं सगळ्यांना पुरवून वाटायचं. भावानं बहिणीचा मान राखायचा, तिला दुखवायचं नाही, हा तिथला मोठाच संस्कार.

हे मी आमच्या सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे तिथं सासूचा जाच जावयाला गं?" आणि आम्ही दोघी किती तरी वेळ हसलो!

पण सगळंच काही गोडगोड नाही. जोत्याचा दगड बाई असली तरी ज्येष्ठांच्या सभेत पूर्वापार भरणा पुरुषांचाच. गावातल्या स्त्रियांची समिती घरोघरची स्वच्छता बघते, चटया विणते, पाहुण्यांची व्यवस्था करते, तिचा दबदबाही आहे. तरीसुद्धा घर सांभाळणं आणि गावात शब्द चालणं या दोन गोष्टी वेगळ्याच, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

या बेटांनी दुःखही फार सोसलं आहे. १८६३ साली दक्षिण अमेरिकेतल्या पेरूकडून गुलाम पकडणारी जहाजं आली आणि तिथल्या जवळजवळ निम्म्या लोकांना, त्यातही धडधाकट माणसांना, घेऊन गेली. अडीचशेच्या आसपास माणसं. बहुतेक कुणी परत आलंच नाही. मागे राहिल्या त्या मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी. त्यांनी पुन्हा गावं उभी केली. हे वाचलं आणि इनातीचा अर्थ मला नीट कळला. ज्या गावानं अशी माणसं गमावली, ते गाव माणूस मोजताना कुणाला गाळेल कसं?

२००६ च्या फेब्रुवारीत टोकेलाऊनं एक मोठं मतदान घेतलं. न्यूझीलंडशी संबंध ठेवून स्वतःचं राज्य स्वतः चालवायचं का, हा प्रश्न होता. मतदान आपियात सुरू झालं आणि मग एकेका बेटावर होत गेलं. संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक हजर होते. 'हो' म्हणणारे साठ टक्के निघाले. पण एवढ्या मोठ्या निर्णयाला दोन तृतीयांश मतं हवीत, असं आधीच ठरलं होतं. २००७ च्या ऑक्टोबरात पुन्हा मतदान झालं. ६९२ मतांपैकी ४४६ 'हो'. फक्त १६ मतं कमी पडली! एखाद्या चाळीत दोन-तीन बिऱ्हाडांत असतात तेवढी माणसं. तिथं ना दंगल झाली, ना फेरमोजणीची भांडणं. ठरलेला नियम तो नियम. म्हणून टोकेलाऊ आजही न्यूझीलंडचाच प्रदेश आहे.

'नाही' म्हणणाऱ्यांचं मनही मला समजतं. जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी न्यूझीलंडला आहे. १९६० च्या दशकात बेटांवर गर्दी फार झाली म्हणून सरकारनंच कुटुंबं तिकडे नेऊन वसवली. पुढं ती योजना बंद झाली, पण शिक्षणासाठी, नोकरीसाठी, मोठ्या आजारपणासाठी माणसं जातच राहिली. २०१८ च्या न्यूझीलंडच्या जनगणनेत आठ हजारांवर लोकांनी आपण टोकेलाऊचे असं नोंदवलं. म्हणजे घरात एक आणि बाहेर पाच! प्रत्येक बेटावर शाळा आहे, लहानसा दवाखाना आहे. पण शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर बोटीची वाट बघायची. अशा वेळी मोठ्या घराशी नातं सैल करायला जीव धजावत नसेल, तर नवल काय?

तरी हे लोक मागासलेले आहेत असं मात्र समजू नका हं. २०१२ साली चार हजारांवर सौर तावदानं बसवून तिन्ही बेटांनी डिझेलच्या विजेऐवजी सूर्याची वीज घरोघर नेली. २०२२ साली समुद्राखालून इंटरनेटची तार आली. जमीन बारा चौरस किलोमीटर असली तरी हक्काचा समुद्र तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर आहे, आणि तिथं मासेमारी करणाऱ्या परदेशी बोटींकडून परवान्याचे चांगले पैसे मिळतात. एक गंमत सांगते. २०११ च्या डिसेंबरात सामोआबरोबर टोकेलाऊनंही आंतरराष्ट्रीय वाररेषेची दुसरी बाजू घेतली, आणि ३० डिसेंबर हा दिवस तिथं उगवलाच नाही. त्या दिवशी ज्यांचा वाढदिवस होता, त्यांनी काय केलं असेल, हा प्रश्न माझ्या वर्गाला फार आवडला!

चिंता एकच आणि ती मोठी आहे. समुद्र वाढतो आहे. पाच मीटर उंचीच्या जमिनीवरून तो कुठवर हटेल? २००५ च्या पर्सी वादळात लाटा थेट गावात शिरल्या होत्या. खारं पाणी पुलाकाच्या खड्ड्यांत गेलं की कंद कुजतो. किनाऱ्यावर भिंती बांधणं चालू आहे. हवेत धूर सोडणारे आपण दूरवर, आणि वाटणीत त्यांच्या वाट्याला आलं ते हे पाणी. सगळ्या जगाचा हा हिशेब कुठल्या इनातीत बसतो?

शेवटी एकदाचं वर्गात त्या मुलीला उत्तर दिलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाई, म्हणजे तिथं पहिल्यांदा माणसं मोजतात आणि मग मासे!" मी महिनाभर वाचून जे समजले ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

त्याच संध्याकाळी माहेराहून लाडवांचा डबा आला. ह्यांना, सासूबाईंना, दोन्ही मुलांना बशीत दोन-दोन घातले आणि डब्याचं झाकण लावलं. मग एकदम लक्षात आलं, घरात माणसं पाच आहेत आणि मी बशा मांडल्या चार. रोजच असं होतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही नाही. मी झाकण परत उघडलं, पाचवी बशी घेतली आणि सगळ्यांच्या बरोबर बसले.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या बशीतला अर्धा लाडू माझ्या बशीत ठेवला.